घेवडा शिकायला कॉलेज

१७ जून २०१३, तलास

निवृत्त होऊन आठ वर्षे झाली. रागवायला वर्ग उरला नाही, म्हणून ही वही. मराठीत लिहिते, कारण या घरात ही अक्षरे कोणालाच वाचता येत नाहीत. लग्नाला एकेचाळीस वर्षे झाली, पण सागिनला माझ्या भाषेतला एकच शब्द येतो, 'चहा', आणि तोही त्यांच्याकडे जवळजवळ तसाच आहे म्हणून.

आज बेगिमायच्या कॉलेज-प्रवेशाच्या चाचणीचा निकाल आला. दोनशे तीन. या गावच्या शाळेत मी एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले. दोनशेच्या पुढे गेलेले पोर मला आठवत नाही. समोरच्या रोझाचा नातू एकशे अडुसष्टवर वकिली शिकायला गेला, त्यालाही आता दोन वर्षे झाली, अजून ती त्या आकड्यावरून खाली उतरलेली नाही.

बेगिमाय खरे तर माझी नात. पण इथे थोरल्या मुलाचे पहिले मूल आजी-आजोबांचे असते. ती चाळीस दिवसांची असताना उलानने आणि चिनाराने तिला आमच्या मांडीवर ठेवले आणि दोघे राजधानीला, बिश्केकला परत गेले. ती मला अपा म्हणते, म्हणजे आई, आणि स्वतःच्या बापाला उलानदादा. तेव्हा तिने काय शिकावे हे मी ठरवणार, यात कोणाला शंका असायचे कारण नाही. ती पाचवीत असतानाच मी ठरवून ठेवले आहे. बिश्केकचे इंग्रजी विद्यापीठ, आंतरराष्ट्रीय संबंध.

संध्याकाळी चहाला बसलो तेव्हा मी ते जाहीर केले. बेगिमायने पाव मोडला आणि म्हणाली, "अपा, मला तिथं नाही जायचं."

"मग कुठं जायचंय?"

"शेतकीला. तिथं बियाण्यांचा विभाग आहे."

"बियाण्यांचा. म्हणजे घेवड्याचा."

"घेवड्याचाही."

या खोऱ्यात ज्याला दुसरे काही जमत नाही तो घेवडा लावतो. ज्याला सगळे जमते तोही घेवडाच लावतो. सहा वर्षांची पोरे घेवडा निवडतात. त्यासाठी पाच वर्षे कॉलेजात बसायचे? हे सगळे मी बोलून दाखवले. सागिन जॅमच्या वाटीत चमचा फिरवत होता. तो म्हणाला, "घेवड्याला दोनशे तीन जरा जास्तच झाले."

दोघेही हसले. मी हसले नाही.

१९ जून

खिडकीच्या फळीवर बोट ठेवायला जागा नाही. माझे दोन ट्रे, पीठ चाळायची चाळणी आणि समरकंदहून आणलेली निळी थाळी, या सगळ्यांवर ओली फडकी, प्रत्येक फडक्यात शंभर दाणे आणि शेजारी चिठ्ठी. अकरा शेतकऱ्यांची नावे. कोणाच्या बियाण्यातले किती उगवतात ते बेगिमाय मोजते आहे. हा छंद तिला कुठून लागला देव जाणे. घरात शेतकरी कोणी नाही. सागिनने पाटबंधारे खात्यात जन्म घालवला, त्याला पाणी कळते, पीक नाही. आणि मी दर शनिवारी उसळीसाठी घेवडा भिजवून फडक्यात बांधून ठेवते, एवढाच काय तो या घराचा घेवड्याशी संबंध. लहानपणी ती त्या गाठोड्यापाशी बसून मोड मोजत असे, पण लहान मुले काहीही मोजतात.

तिची वही टेबलावर पडली होती. इंग्रजीत लिहिली आहे. निदान तेवढे तरी माझे. शब्दयोगी अव्ययांचा गोंधळ पाहवेना म्हणून लाल पेन घेऊन बसले. कासिमाली अक्साकालांच्या, म्हणजे गावातल्या सगळ्यात मानाच्या वडीलधाऱ्यांच्या, शंभर दाण्यांतले अठ्ठावन्नच उगवले. वरच्या आळीतल्या विधवेच्या दाण्यांतले एक्याण्णव. जमीन तीच, पाटही तोच. मग असे का? पुढची पाने कोरी होती, याचा मला उगीचच राग आला. तोवर भात करपला.

२२ जून

आज खडाजंगी झाली.

मी म्हटले, "तुला काय आवडतं त्यावरून कॉलेज निवडतात का?"

"मग कशावरून निवडतात?"

अंगण झाडायचे राहिले होते. मी उठून अंगणात गेले.

तिला कोण समजावणार? माझ्या वडिलांनी माझ्यासाठी पुण्याला डॉक्टरकीची सोय करून ठेवली होती. पाचगणीच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नडेटने त्यांना खात्री दिली होती की या मुलीचे हात कापत नाहीत, ही शल्यविशारद होईल. मी ताश्कंदची शिष्यवृत्ती मिळवली, वडिलांना स्टेशनवरून पत्र टाकले आणि रशियन शिकायला निघून आले. पण ती गोष्ट वेगळी होती. मला भाषांचे वेड होते.

घेवड्याचे वेड असते का कोणाला?

२४ जून

उपाय सापडला. येत्या रविवारी निकालाची मेजवानी घालायची. मेंढा मी सागिनच्या चुलतभावाकडून विकत घेणार आहे. उलान आणि चिनारा राजधानीहून येतील. आणि कासिमाली अक्साकालांना मुख्य पाहुणे म्हणून बसवायचे.

या गावात कासिमालींनी तळवे वर करून आशीर्वाद दिला की ती गोष्ट ठरली. मग माघार नाही. ताश्कंदहून एक परकी पोर सून म्हणून आणली म्हणून अर्धे गाव सागिनशी बोलत नव्हते. कासिमालींनी आमच्या लग्नाला आशीर्वाद दिला आणि दुसऱ्या दिवशी तेच अर्धे गाव माझ्या घरी चहाला होते. आता त्यांचे वय एक्याण्णव. इंग्रजी विद्यापीठासाठी त्यांनी सगळ्यांसमोर आशीर्वाद दिला की बेगिमायला 'ओमिन', म्हणजे तथास्तु, म्हणावेच लागेल. नको म्हणायची तिची प्राज्ञा नाही. कोणाचीच नाही.

मी सागिनला योजना सांगितली. तो म्हणाला, "झकास आहे." इतक्या लवकर तो माझ्याशी कधी सहमत होत नाही. माणसे म्हातारपणी सुधारतात.

२८ जून

कासिमालींचा रेडिओ बिघडला म्हणून सागिन आज त्यांच्याकडे गेला होता. स्क्रू धरायला बेगिमायला घेऊन गेला. तीन तास लागले. सागिनला रेडिओ दुरुस्त करता येतो हे मला आजवर माहीत नव्हते. परत आला तो शीळ घालत. रेडिओ चालू झाला का विचारले तर म्हणाला, "अगदी स्पष्ट ऐकू येतंय."

३० जून

सगळे लिहून ठेवते, म्हणजे डोके थंड होईल.

चाळीस माणसे जेवायला होती. जाजमाच्या वरच्या टोकाला कासिमाली, त्यांच्यासमोर मेंढ्याचे शिजवलेले डोके. मान त्यांचा. सुरी घेऊन त्यांनी वाटणी सुरू केली. कान नेहमी घरातल्या सगळ्यात लहान पोरांना देतात, मोठ्यांचे ऐकावे म्हणून. त्यांनी कान कापला, इकडेतिकडे पाहिले आणि माझ्यापुढे धरला.

"घे, सूनबाई."

"मी त्रेसष्ट वर्षांची आहे, अक्साकाल."

"माझ्याहून अठ्ठावीस वर्षांनी लहान. घे."

उलानच्या नाकातून चहा आला. चिनाराने पदार्थ आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघर गाठले. माझा पोटचा मुलगा, कस्टममधला मोठा अधिकारी, तोंडावर रुमाल धरून हलत होता. मी कान खाल्ला. दुसरे काय करणार?

जेवणे उरकल्यावर मी ठरल्याप्रमाणे म्हटले, "अक्साकाल, पोरगी मोठ्या विद्यापीठात निघालीय. आशीर्वाद द्या."

"देतो की. पण आशीर्वाद म्हणजे काही कोणाच्याही दारात टाकायचं पत्र नाही. पत्ता नीट हवा. पोरी, इकडं ये. काय शिकायचंय तुला?"

बेगिमाय त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसली. "आजोबा, तुमच्या शंभर दाण्यांतले बेचाळीस उगवत नाहीत. का उगवत नाहीत ते शिकायचंय."

चाळीस माणसांसमोर. एक्याण्णव वर्षांच्या माणसाला. रोझाने हातातली कपबशी खाली ठेवली. आता हे उठून जाणार आणि जन्मभर आमच्या दारात येणार नाहीत अशी माझी खात्री झाली.

कासिमाली म्हणाले, "बेचाळीस. आणि मी वीस वर्षं पाटाच्या पाण्याला शिव्या घालतोय."

सागिनकडे पाहून ते म्हणाले, "ऐकलंस का रे, पाटकऱ्या? तू सुटलास." मग त्यांनी दोन्ही तळवे वर केले. या मुलीला शेतकीचे शिक्षण लाभो. तिच्या हातून या खोऱ्यातला दाणा न् दाणा उगवो. ज्यांनी तिला वाढवले त्यांना हे पाहायला आयुष्य मिळो.

चाळीस माणसांनी 'ओमिन' म्हणून तोंडावरून हात फिरवले. मीही फिरवले. चाळीस वर्षांची सवय आहे, हात आपोआप वर जातात. चेहऱ्यावरून हनुवटीपर्यंत आल्यावर मला कळले की मी काय केले.

माझाच मेंढा, माझीच मेजवानी.

१ जुलै

आज कोणाशी बोलले नाही. कोणाच्या फारसे लक्षात आले नाही.

३ जुलै

उलानचा फोन. राजधानीला परत जाऊन त्याला धीर आलेला दिसतो. "अपा, म्हातारबांचं एवढं मनावर घेऊ नकोस. दोनशे तीन गुण आहेत, सरकारी वकील होईल पोरगी. ऑफिसात मी काय सांगू? माझी मुलगी घेवडा शिकते?"

"तू ट्रकांवरची सिलं मोजतोस, ते मी इथं लोकांना सांगतेच ना?"

"अपा, मी तिचा बाप आहे."

"तू तिचा दादा आहेस. ती माझी मुलगी आहे. काय शिकायचं ते तिला कळतं, आणि नाही कळलं तर आम्ही बघून घेऊ. तू आठ तारखेला स्टँडवर गाडी घेऊन ये."

फोन ठेवला तर दारात बेगिमाय. तिने येऊन माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली. मी तिला स्पष्ट सांगितले की याचा अर्थ मी मान्य केले असा होत नाही. उलानला मध्येच नाक खुपसायची सवय आहे, ती मोडायला हवी होती, एवढेच.

८ जुलै, बिश्केक, उलानच्या घरी

पाय दुखत आहेत, पण आजचे आज लिहिलेले बरे.

चाचणीच्या प्रमाणपत्राला कडेने फाडून द्यायची कुपने असतात. प्रवेशाच्या पहिल्या फेरीचे कुपन एकाच ठिकाणी देता येते, दिले की गेले. प्रमाणपत्र माझ्या पर्समध्ये होते. मी म्हटले, आधी इंग्रजी विद्यापीठ नुसते बघून येऊ. आशीर्वादात 'बघू नको' असे कुठे होते?

काय ते विद्यापीठ. काचेच्या भिंती, उन्हाने भरलेले वाचनालय, जिन्यावर बसून वाद घालणारी मुले. तिमूर नावाचा एक तरुण माहिती द्यायला होता, धुतल्यासारख्या स्वच्छ इंग्रजीत बोलणारा. वादसभा आहे, नाट्यमंडळ आहे, एक वर्ष परदेशी जायची सोय आहे. मी प्रश्न विचारत गेले, तो उत्तरे देत गेला. वाचनालयातल्या कादंबऱ्यांवरून आमचा थोडा मतभेदही झाला, फार गोड मतभेद. बऱ्याच वेळाने तो बेगिमायकडे वळला, "आणि तुम्हाला कशात रस आहे?" तिने दोन निर्दोष वाक्यांत उत्तर दिले आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर फवारा फिरत होता. त्याचे सगळे पाणी पायवाटेवर पडत होते आणि फुले कोरडी होती.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अपा, तुला किती आवडलं गं ते."

"चांगलं आहे म्हणून आवडलं."

"तुझा फॉर्म भरू या का?"

मला फुटपाथवर हसू आले. हसायचे ठरवले नव्हते. गाडीत बसल्यावर लक्षात आले की पन्नास मिनिटांत मी एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिले नव्हते. मला तिथे नक्की प्रवेश मिळाला असता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी असे काही असते तर मी ताश्कंदला कशाला आले असते?

मग शेतकी कॉलेज. ऑइलपेंट मारलेल्या भिंती, बोळात बटाट्याचा वास. प्रवेशाच्या टेबलाशी एक मुलगी नखे रंगवत बसली होती. तिने प्रमाणपत्र पाहिले.

"दोनशे तीन? आजी, चुकीच्या इमारतीत आलात. वकिली पुढच्या चौकात."

गेले तीन आठवडे मी घरात जे बोलत होते, तेच ती बोलली. पण तिच्या तोंडून ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"का? बियाणं शिकायला डोकं असलेलं चालत नाही?"

"तसं नाही, आजी, पण..."

"तुम्ही दुपारी जेवता काय? कायद्याची कलमं? या मुलीनं अकरा शेतांची बियाणी मोजलीत. तुम्ही नखं मोजा, दहा भरतील."

उलान माझ्यामागे उभा राहून छताचे निरीक्षण करत होता.

आवाज ऐकून मागच्या दाराने एक बाई आल्या. पन्नाशीच्या, पायात रबरी बूट, कोपरापर्यंत माती. त्या गुलझिरा, बियाणे विभागाच्या प्राध्यापक. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. "अकरा शेतं कोणी मोजली?" म्हणून विचारले आणि बेगिमायच्या हातातून वही घेतली. उभ्या उभ्या सगळी वाचली.

"दाणे कुठून घेतलेस?"

"पोत्यातून."

"वरून?"

"हो."

"मग हे अकरा शेतांचं बी नाही, नुसतं अकरा पोत्यांचं तोंड आहे. सगळं चुकलंय."

मी पुढे होणार होते. माझ्या मुलीला तिच्या कामात 'चुकलंय' असे आजवर कोणी म्हटलेले नाही. शाळेत नाही, घरात नाही. मीसुद्धा फक्त तिची अव्यये दुरुस्त केली. पण बेगिमायचा चेहरा पाहिला आणि जागीच राहिले. ती लाल झाली होती, आणि तिचे डोळे असे काही चमकत होते की अठरा वर्षांत मी इतक्या शाबासक्या दिल्या, एकीनेही तसे चमकले नव्हते.

"मग कसं घ्यायचं?" ती म्हणाली.

"चल, दाखवते. बूट घाल कुठले तरी."

दोघी गेल्या. मी आणि उलान बाकावर बसून राहिलो. सव्वा तास. खिडकीतून मागचे वाफे दिसत होते. बेगिमाय गुडघे टेकून बसली होती, त्या बाई काही सांगत होत्या, ही मान हलवून नाही म्हणत होती, मग त्या हात उडवत होत्या. वादच चालला होता. मघाशी वाचनालयात चालला होता तसा.

उलान हळूच म्हणाला, "अपा, ही इथं खूश आहे."

"मला डोळे आहेत," मी म्हटले.

ती परत आली ती गुडघ्यापर्यंत चिखलात. "अपा, सगळं चुकलंय," ती धापा टाकत म्हणाली. "पहिल्यापासून करावं लागणार."

टेबलावरच्या मुलीने नखे लपवून विचारले, "पालक कोण?" कायद्याने उलान. कागदावर त्याचेच नाव आहे. तो एक पाऊल मागे सरला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "त्या."

मी सही केली. मग पर्समधून प्रमाणपत्र काढले. त्या मुलीने कुपन फाडायला हात पुढे केला. मी म्हटले, "थांबा. तिचं ती फाडेल."

बेगिमायने हात फ्रॉकला पुसले आणि फाडले. जरा वाकडे फाटले, कोपऱ्यावर मातीचे बोट उमटले. मुलगी म्हणाली, चालेल.

परत येताना उलानने आइस्क्रीम घेतले. मी दोन खाल्ली.

२० जुलै, तलास

पहिल्या फेरीची यादी लागली. गुलझिराबाईंनी स्वतः फोन करून कळवले. बियाणे विभागात बारा जागा, अकरा अर्ज. बेगिमाय पहिली.

सागिनने कासिमालींना सांगायला म्हणून टोपी घातली आणि चहा न घेताच निघून गेला. बेगिमाय पोती उपसायला वरच्या आळीत गेली आहे, तळातले दाणे हवेत म्हणे. मी अंगणात वाळलेले कपडे काढत होते, तर कुंपणापलीकडून रोझा म्हणाली, "काय गं, लागली का यादी?"

"लागली. आमची पहिली आली."

"अगंबाई. कितींतून?"

"सगळ्यांतून," मी म्हटले आणि कपडे घेऊन घरात आले.